अर्धा अंश

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असायचा तो ओळंब्याला. ओळंबा म्हणजे गवंड्याचा. दोरीला बांधलेलं पितळी वजन. ते भिंतीशी सोडायचं आणि भिंत सरळ उभी आहे की कुठे कलली आहे ते बघायचं. आमचं घर बांधून झालं तेव्हा गवंड्यानं हिशेब चुकता करून घेतला आणि तो निघून गेला, पण ओळंबा मात्र आमच्याकडेच राहिला. अण्णांच्या मते तो विसरला. आईच्या मते अण्णांनी त्याच ओळंब्यानं त्याला सहा महिने इतकं छळलं होतं की त्याला ती वस्तू पुन्हा डोळ्यांसमोर नको होती. ते काही असो. पुढे तो गवंडी आमच्या गल्लीतून जाताना कधी दिसला नाही एवढं खरं.

अण्णा हायस्कुलात गणित शिकवत. 'भूमितीत साधारण नावाचा कोन नसतो,' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते फक्त भूमितीपुरतं नव्हतं. भिंतीवरची तसबीर, आमचा भांग, पोस्टकार्डावरच्या ओळी, ताटातली चटणीची जागा, सगळीकडे त्यांना काटकोन लागायचा. लग्नाला गेले तर नवऱ्यामुलाकडे बघायच्या आधी ते मांडवाचे खांब बघत. अशा माणसाच्या पोटी मी आलो. मला पट्टी धरूनसुद्धा सरळ रेघ मारता येत नसे. अण्णा पट्टी हातात घेऊन उजेडात धरत आणि म्हणत, "पट्टी सरळ आहे. रेघ तिरकी आहे. दोष कुणाचा, ते तूच सिद्ध कर."

हे सगळं सांगायचं कारण असं, की असल्या घरात वाढलेला माणूस उतारवयात बायकोबरोबर युरोपच्या सहलीला जातो आणि एका सकाळी पिसाच्या कलत्या मनोऱ्यापुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा काय येत असेल? कौतुक? विस्मय? माझ्या मनात आलं, 'अण्णा नाहीत तेच बरं. त्यांनी इथल्या गवंड्याला सोडलं नसतं.'

सहल आमची नेहमीसारखीच होती. थोडक्या दिवसांत पुष्कळ देश आणि प्रत्येक देशात थोडकी मिनिटं. पिसाला दीड तास होता. त्यातला बराचसा बसपासून मैदानापर्यंत जाण्यायेण्यात आणि उरलेल्यातला मोठा भाग स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. राहिलेल्या वेळात आठशे वर्षं बघायची होती. मनोरा मात्र देखणा, यात शंका नाही. पांढऱ्या संगमरवरी खांबांच्या गोल गॅलऱ्या एकावर एक रचत नेलेल्या. आठ मजले, सुमारे ५६ मीटर उंची. खरं म्हणजे तो स्वतंत्र मनोरा नव्हेच. शेजारच्या कॅथीड्रलचं ते घंटाघर. पण कॅथीड्रलकडे बघतो कोण? ते बिचारं सरळ उभं आहे. पलीकडचं बाप्तिस्मागृह तर थोडं कललेलंही आहे, पण बेतानं. म्हणून त्यालाही कुणी विचारत नाही. दोष अंगी असायचाच तर तो सणसणीत असावा, मिळमिळीत असू नये, हा पहिला धडा मी तिथं घेतला.

मैदानावरचं दृश्य तर विलक्षण होतं. देशोदेशींची शेकडो माणसं हात वर करून हवेला टेकू देत उभी होती. कॅमेऱ्यात ते मनोरा सावरताहेत असं दिसावं म्हणून. मला वाटलं, जगात एवढी परोपकारी माणसं एका वेळी एका जागी क्वचितच जमत असतील. आमच्या हिनंही मला उभं केलं. "जरा डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. हात वर. अहो, इतका वर नाही, ट्रॅफिक हवालदार दिसताय!" अकरा फोटो काढले. दहांत माझा हात एक तर मनोऱ्याच्या पोटात घुसलेला, नाही तर त्याच्यापासून वीतभर लांब. अकराव्यात मात्र मी मनोरा कललेल्या बाजूनं असा काही तोलून धरला आहे की माझा मलाच अभिमान वाटला.

तेवढ्यात आमच्या गटातल्या एका काकूंनी टूर लीडरला विचारलं, "अहो, एवढा तिकिटाचा पैसा येतोय, तर एकदाचा सरळ का नाही करून घेत?"

टूर लीडर म्हणाला, "काकू, सरळ केला तर आपण कशाला आलो असतो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण बसमध्ये बसल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण काकू गमतीनं बोलल्या तो प्रश्न गमतीचा नव्हता. दोष दिसला तर तो दुरुस्त करावा की नाही? करावा तर किती करावा? आणि किती केल्यावर थांबावं? अण्णांना हे प्रश्न कधी पडले नाहीत. मला पडले. घरी आल्यावर मी त्या मनोऱ्याचं चरित्र मिळेल तिथून वाचून काढलं. आणि तुम्हांला सांगतो, मनुष्यस्वभावावर मी याहून चांगलं पुस्तक वाचलेलं नाही.

बांधकाम सुरू झालं ११७३ साली. जमीन आर्नो नदीच्या गाळाची, म्हणजे वाळू आणि मऊ चिकणमाती. आणि पाया जेमतेम तीन मीटर खोल. पाचएक वर्षांत तीन-साडेतीन मजले चढले आणि लढायांच्या धामधुमीत काम थांबलं. थांबलं ते जवळजवळ शंभर वर्षं. १२७२ साली पुन्हा सुरू झालं, थोड्या वर्षांनी पुन्हा थांबलं आणि शेवटी घंटांचा मजला चढून सगळं पुरं व्हायला साधारण १३७० साल उजाडलं. एक मनोरा आणि दोनशे वर्षं! आमच्या नगरपालिकेच्या शाळेची इमारत रखडली तेव्हा आम्ही केवढा गवगवा केला होता.

पण पुढचं ऐका. आजचे स्थापत्यशास्त्रज्ञ सांगतात की तो मनोरा वाचला तो या रखडण्यामुळेच. एका दमात बांधला असता तर खालच्या मऊ मातीला ते ओझं पेललं नसतं आणि तो बांधता बांधताच पडला असता. शंभर वर्षांच्या विश्रांतीत ती माती दबून दबून घट्ट झाली आणि मग पुढचे मजले तिनं सोसले. माझ्यासारख्या चालढकल करणाऱ्या माणसाला आठशे वर्षांच्या इतिहासातून इतकं समाधान दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. ही बातमी मी हिला लगेच वाचून दाखवली. ती म्हणाली, "गच्चीच्या गळतीचं काय करताय?"

आणखी एक गंमत. मनोरा सुरुवातीला किंचित कलला होता तो उत्तरेला. दुसऱ्या खेपेला काम वर चढायला लागलं तेव्हा त्यानं विचार बदलला आणि तो दक्षिणेला कलू लागला. बांधणारे काही आंधळे नव्हते. कल त्यांना दिसत होता. तो झाकायला त्यांनी वरचे थर तिरपे लावत नेले, खचलेल्या बाजूला थोडे जाड आणि दुसऱ्या बाजूला थोडे पातळ. त्यामुळे आज बारकाईनं पाहिलं तर मनोरा नुसता कललेला नाही, केळ्यासारखा वाकलेलाही आहे. एक चूक झाकायला दुसरी करावी आणि मग दोन्ही उठून दिसाव्यात, हे काही फक्त इटलीत होतं असं नाही.

आपल्याकडेही कललेलं देऊळ आहे. काशीला मणिकर्णिका घाटाजवळ रत्नेश्वर महादेवाचं. त्याला तिथले लोक 'मातृऋण' म्हणतात. कथा अशी सांगतात, की एकानं आईसाठी ते बांधलं आणि 'आई, तुझं ऋण फिटलं' असं म्हणताक्षणी देऊळ कललं. पाया खचला की इटलीतली माणसं माती तपासतात आणि आपण मन तपासतो. दोन्ही तपासावं लागतं, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. तो मनोरा सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, ते वाचताना तर फारच वाटलं.

१८३८ साली एका वास्तुविशारदाला वाटलं की मनोऱ्याचा खालचा भाग जमिनीत रुतला आहे, तो लोकांना नीट दिसायला हवा. हेतू चांगला. त्यानं पायाभोवती खणून गोल वाट केली. खणताच खालून पाणी उसळलं आणि मनोरा एकदम अर्धा अंश आणखी कलला. मग १९३४ साल. मुसोलिनीची राजवट. सगळं राष्ट्र छाती काढून ताठ उभं राहायचं असताना हा एकटा वाकडा! पायात साडेतीनशेहून जास्त भोकं पाडून टनावारी सिमेंट ओतलं. मनोरा ताठ झाला नाहीच, उलट दक्षिणेला आणखी झुकला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मनोऱ्यामुळे नव्हे. माझ्या धाकट्या भावामुळे.

धाकटा लहानपणी बोलताना अडखळायचा. 'क' आणि 'च' ही दोन अक्षरं त्याच्या वाटेत धोंड्यासारखी पडलेली असत. अण्णांनी तो दोष सुधारायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी शुभंकरोती झालं की त्याला समोर बसवून पाठ्यपुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायला लावत. अडखळला की "थांब. पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. चार ओळींना तास लागे. अण्णांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसापुढून मुलाला पळता येतं. ही माया होती, आणि मायेपुढून पळायला जागा नसते. मीही माझ्या परीनं हातभार लावत होतो. त्याचा शब्द अडला की तो मीच पुरा करून द्यायचो. मला वाटे, केवढी मदत करतोय मी!

वर्षभरात धाकट्याचं अडखळणं जवळजवळ थांबलं. कारण त्याचं बोलणंच थांबलं. मान हलवून, बोट दाखवून तो काम भागवू लागला. कांदे आणायला पाठवला की बटाटे घेऊन यायचा. एकदा नाही, दोनदा नाही, नेहमीच. आम्ही हसायचो. अण्णा म्हणायचे, "लक्ष नसतं त्याचं."

आता तुम्ही म्हणाल, मग ज्याचा जो दोष असेल तो असू द्यावा. प्रत्येकानं आपापल्या कलानं उभं राहावं, कुणी कुणाला ओळंबा लावू नये. मलाही असं म्हणून मोकळं व्हायला आवडलं असतं. फार सोयीचं तत्त्वज्ञान आहे ते, विशेषतः रेघ तिरकी येणाऱ्याला. पण इटलीतच पाविया नावाचं गाव आहे. तिथला जुना मनोरा शेकडो वर्षं उभा होता. १७ मार्च १९८९ रोजी तो अचानक कोसळला आणि चार माणसं मेली. तो कललेला म्हणून प्रसिद्धसुद्धा नव्हता. ते पाहिल्यावर सरकारच्या पोटात गोळा आला आणि जानेवारी १९९० मध्ये पिसाच्या मनोऱ्याचं दार लोकांना बंद झालं. तेव्हा त्याचा कल होता ५.५ अंश. वरचं टोक पायापासून साडेचार मीटर बाहेर आलेलं होतं आणि दर वर्षी एक-दीड मिलिमीटर आणखी सरकत होतं. आता हा एक-दीड मिलिमीटर म्हणजे किती? काहीच नाही. पडायचा दिवस येईपर्यंत ते काहीच नसतं.

माझे एक मामा होते. गोष्टीवेल्हाळ, उमदे, गावभर लाडके. उसने पैसे घेऊन विसरायची त्यांना सवय होती. त्यांच्या उसनवारीचे किस्से आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर निघत. कुणाकडून किती घेतले, त्याला कसा चकवला, मग त्यालाच चहा कसा पाजला. हसून हसून ठसका लागायचा. 'मामा म्हणजे मामाच!' असं आम्ही म्हणायचो आणि त्यांच्याबरोबर फोटो काढल्यासारखे खूश व्हायचो. मामींच्या हातात काचेच्या बांगड्यांखेरीज काही उरलेलं नाही, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मनोरा लांबून बघणाऱ्याला कल मौजेचा वाटतो. तो पडेल त्या बाजूला ज्याचं घर आहे, त्याला विचारावं.

तेव्हा सगळे दोष सारखे नव्हेत, एवढं मला कळलं. धाकट्याच्या अडखळण्यानं कुणाच्या अंगावर काही पडणार नव्हतं. पडलंच तर आमच्या वेळातली दोन मिनिटं. मामांचं मात्र ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर होतं. आणि आम्ही काय केलं? धाकट्याला सुधारत बसलो आणि मामांना टाळ्या दिल्या.

पिसाला देशोदेशीच्या तज्ज्ञांची समिती बसली. अध्यक्ष मिकेले यामिओल्कोव्हस्की नावाचे प्राध्यापक. समितीत मातीचे तज्ज्ञ होते, बांधकामाचे होते आणि कलेचे इतिहासकारही होते. म्हणजे भांडणाची उत्तम सोय होती. आधी १९९३ साली त्यांनी उंच राहिलेल्या उत्तरेकडच्या बाजूला पायावर ६०० टन शिसं ठेवलं. मनोरा किंचित मागे आला. पण ते शिशाचे ठोकळे दिसायला भयंकर. सुंदर बाईनं लुगड्यावर लोखंडी पेटी बांधावी तसे. म्हणून ते काढून त्याऐवजी जमिनीखाली दोर ओवावेत असं ठरलं. त्यासाठी खणायचं, आणि खणताना पाणी वर येऊ नये म्हणून द्रवरूप नायट्रोजननं जमीन गोठवायची. सप्टेंबर १९९५ मध्ये एका रात्री मनोरा वर्षभरात सरकतो तेवढा दक्षिणेला सरकला. त्या रात्री त्या विद्वानांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना मी करू शकतो. धावाधाव करून त्यांनी शिसं ९०० टनांवर नेलं आणि गोठवणं बंद केलं.

आणि मग त्यांनी जे केलं, त्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला आहे. १९६२ साली तेर्राचिना नावाच्या एका इटालियन इंजिनिअरनं एक साधा उपाय सुचवला होता आणि तो तसाच पडून राहिला होता. पुढे मेक्सिको शहरातल्या असमान खचणाऱ्या कॅथीड्रलसाठी तशा तऱ्हेचा उपाय वापरलाही गेला. उपाय असा. जी बाजू खचली आहे तिला हात लावायचाच नाही. तिला वर ढकलायचं नाही, खालून टेकू द्यायचा नाही, तिच्यात सिमेंट ओतायचं नाही. जी बाजू वर राहिली आहे, तिच्या खालची माती अगदी थोडी थोडी काढून घ्यायची. तिरप्या नळ्यांतून, दिवसाला थोडीशीच. मग काढलेल्या मातीची पोकळी आपोआप बुजते, वरची बाजू हळूच खाली बसते आणि मनोरा आपला आपण मागे येतो.

१९९९ ते २००१ हे काम चाललं. १४,५०० टनांचा मनोरा, आणि काढलेली माती भरली सगळी मिळून ७० टनांच्या आसपास.

मी चष्मा काढून ठेवला. कारण हा उपाय मी आमच्या घरात पाहिलेला होता.

एका संध्याकाळी आईनं अण्णांना सांगितलं, "अहो, त्याला कांदे आणि बटाटे यांतला फरक कळतो. वाण्याच्या दुकानात त्याला 'कांदे' म्हणता येत नाही, म्हणून तो बटाटे मागतो." अण्णा काही बोलले नाहीत. गणिताच्या मास्तरला उदाहरण चुकलेलं कळलं की तो बोलत नाही, फळा पुसतो. दुसऱ्या दिवशी धडा वाचायला त्यांनी धाकट्याला बोलावलं नाही. पण खरी गंमत पुढेच झाली. अण्णांचं स्वतःचं बोलणं बदललं. टाळ्यांच्या गजरासारखं फडाफड बोलणारा तो माणूस जेवताना हळू बोलू लागला. एक वाक्य, मग थोडं थांबणं, मग दुसरं. मध्येच शब्द आठवत नसल्यासारखे आढ्याकडे बघायचे. धाकटा काही बोलू लागला की हातातला घास हातातच ठेवून वाट बघायचे आणि त्याचं पुरं झाल्याशिवाय घास तोंडात घालायचे नाहीत. मी सवयीनं शब्द पुरवायला गेलो की टेबलाखालून त्यांचा पाय माझ्या पायावर पडे. ओळंबा त्याच महिन्यात माळ्यावर गेला. कुणी काही बोललं नाही. काही महिन्यांनी एकदा धाकटा पिशवी घेऊन आला आणि आईनं ती ओतली तर कांदे! आई त्या दिवशी कांदा न चिरताच रडली.

मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आला. वरचं टोक ४५ सेंटिमीटरच्या आसपास सरकलं. म्हणजे १८३८ साली त्या हौशी खणण्यानं जेवढं घालवलं होतं, साधारण तेवढंच परत मिळालं. आणि इथं ते विद्वान थांबले. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या थांबण्याचं अधिक कौतुक वाटतं. हातात जादू आली होती. रोज थोडी माती काढत राहिले असते तर मनोरा आणखी सरळ झाला असता. कुठल्या मास्तरला हा मोह आवरला असता? पण त्यांनी आधीच ठरवलं होतं: पडण्याची भीती जावी, पण बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळू नये. डिसेंबर २००१ मध्ये दार पुन्हा उघडलं. आता आणखी दोन-तीनशे वर्षं तरी काळजी नाही, असं ते म्हणतात.

यात पिसाकरांचा व्यवहार नव्हता असं मी म्हणणार नाही. कललेला मनोरा दुभती गाय आहे. तिला सरळ करून भाकड कोण करील? पण नुसता व्यवहार असता तर अर्धा अंशही कमी केला नसता. कारण तेवढ्यानंसुद्धा नुकसान झालंच. कल आता कमी झाला आणि जर्मनीत सूरहुझेन नावाच्या खेड्यातल्या चर्चचा मनोरा ५ अंशांहून जास्त कललेला निघाला. २००७ साली गिनीज बुकात पहिला नंबर त्याचा लागला. त्याच्याही वरचढ म्हणजे अबुधाबीची कॅपिटल गेट इमारत. ती तर मुद्दाम १८ अंश तिरपी बांधली. २०१० साली तिचं नाव त्या बुकात चढलं. छान आहे म्हणतात. पण नटानं अडखळायचा अभिनय करावा आणि माणसानं अडखळावं, यांत फरक असतोच. तिच्यापाशी उभं राहून हातानं सावरावंसं कुणाला वाटत असेल, असं मला वाटत नाही.

शिवाय दोष काढून टाकताना त्याला काय काय चिकटून येईल याचा भरवसा नसतो. २०१८ साली संशोधकांनी सांगितलं की १२८० पासून त्या भागात किमान चार मोठे भूकंप होऊनही हा मनोरा टिकला तो त्याच मऊ मातीमुळे, जिच्यामुळे तो कलला. उंच, ताठ मनोरा आणि मऊ जमीन यांचं असं काही जमलं आहे की भूकंपाचा हिसका त्याला पुरता लागतच नाही. मोडायला निघालेली मातीच राखायलाही होती.

परवा धाकटा घरी आला होता. आता तोही निवृत्त झाला आहे. 'क' आणि 'च' अजून त्याला मधूनमधून अडवतात. पण आमच्या सगळ्या नात्यागोत्यात त्याच्यासारखा विनोद सांगणारा माणूस नाही. विनोदाचा शेवटचा शब्द नेमका त्या अक्षरापाशी येतो, सगळे श्वास रोखून बसतात आणि तो सुटला की घर कोसळतं. मी तोच विनोद अस्खलित सांगून पाहिला आहे. कुणी हसत नाही.

चहा होईपर्यंत मी त्याला मनोऱ्याची सगळी कथा सांगितली. उत्तरेकडची माती, ७० टन, अर्धा अंश, सगळं. अण्णांचं मात्र मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. मग हिनं मोबाइलवर तो अकरावा फोटो त्याच्यापुढे धरला. ज्यात मी हात वर करून, छाती काढून, कललेल्या बाजूनं मनोरा तोलून धरला आहे तो. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"दादा," तो म्हणाला, "तू च... च..."

ही चहाचं गाळणं हातात धरून उभी राहिली. मला तो शब्द कळला होता. अगदी जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि आढ्याकडे बघत बसलो.

"...चुकीच्या बाजूनं ढकलतोयस."